हरिपाठाचा हिशेब आणि केडगावची पंडिता

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझा पुतण्या सात वर्षांचा होता. मी पुण्याची खोली बंद करून कुर्डुवाडीला घरी येऊन बसलो होतो, लॅपटॉप माळ्यावर, कारण रेंज तिथेच यायची. आप्पा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, सोलापुरात दवाखान्यात होते. भेटायला जाऊ देत नव्हते. दिवसातून एकदा फोन यायचा आणि त्यात ऑक्सिजनचा आकडा सांगायचे. तो आकडा घरात सगळ्यांना पाठ व्हायचा.

आमचं घर वारकरी आहे. आईने पुतण्याला रोज दिवेलागणीला देवापुढे बसवून हरिपाठ म्हणायला लावला. "लहान लेकराचं पांडुरंग ऐकतो," ती म्हणाली. पोरगं आप्पांच्या मांडीवर वाढलेलं, त्यामुळे ते मन लावून म्हणायचं. नवव्या दिवशी पहाटे फोन आला. आप्पा गेले.

दोन दिवसांनी तो माळ्यावर माझ्याजवळ आला. मी मीटिंगमध्ये होतो, म्यूटवर. तो म्हणाला, "काका, गुरुवारी हरिपाठ म्हणता म्हणता मी झोपलो होतो. म्हणून का?"

मी त्याला विषाणू समजावून सांगितला. फुफ्फुसाचं चित्र काढलं. आप्पांना आधीपासून साखरेचा त्रास होता, वय त्र्याहत्तर होतं, हेही सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण मी झोपलो होतो ना."

दिवसभर कोड लिहिणाऱ्याला ही चूक ओळखता यायला हवी होती. आम्ही मोठ्यांनी त्याच्या डोक्यात एक अट बसवली होती: हरिपाठ म्हटला तर आप्पा घरी येतील. नाही आले तर काय, ही बाजू आम्ही कुणी लिहिलीच नव्हती. ती त्याने एकट्याने, रात्री, स्वतःच्या अंगावर घेऊन लिहिली.

कुर्डुवाडी ते पुणे या रुळांवर मी कॉलेजपासून शेकडो वेळा गेलो-आलो असेन. दौंड सोडलं की थोड्या वेळाने केडगाव लागतं. आमची गाडी तिथे थांबायची नाही. पाटी दिसायची आणि मागे जायची. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलं, एवढं ठाऊक होतं. शाळेत त्यांच्यावर दोन गुणांचा प्रश्न असायचा: शारदा सदन कोणी स्थापन केले? त्या वर्षी पावसाळ्यात, आप्पांचं सगळं उरकल्यावर, मी रमाबाईंनी स्वतः लिहिलेलं वाचायला घेतलं. १८९७ मधल्या त्यांच्या दुष्काळाच्या आठवणी आणि १९०७ साली इंग्रजीत लिहिलेलं आत्मनिवेदन. वाचायचं कारण खरं तर वेगळंच होतं, एका मित्राशी धर्मांतरावरून वाद झाला होता आणि मला मुद्दे हवे होते. मुद्दे मिळाले नाहीत. माझ्या पुतण्याचा प्रश्न मात्र तिथे छापलेला सापडला, जवळजवळ दीडशे वर्षं जुना.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलातला, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्यावरून त्यांना पंडितांच्या सभेपुढे उभं राहावं लागलं आणि स्त्रीला हे शिकवता येतं असं शास्त्रांच्याच आधारे मांडावं लागलं. गंगामूळला त्यांचं घर म्हणजे पाठशाळाच होती, येणाऱ्याजाणाऱ्याला जेवण. त्या आतिथ्यात संपत्ती संपली. रमा काही महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून नोकराच्या डोक्यावरून नेलं होतं.

पुढची पंधरा-सोळा वर्षं हे कुटुंब चालतच राहिलं. आईवडील, थोरली बहीण कृष्णाबाई, भाऊ श्रीनिवास आणि रमा. उपजीविका पुराणिकाची. देवळात, घाटावर, झाडाखाली बसून संस्कृत पुराण मोठ्याने वाचायचं, ऐकणारे समोर फुलं, फळं, धान्य, पैसे ठेवत. ऐकणाऱ्यांना संस्कृत कळायचं का, हा प्रश्न कुणी विचारत नसे, कारण कानावर पडलं तरी पुण्य होतं. रमेला आई शिकवायची, पहाटे उजाडायच्या आत उठवून. वयाच्या बाराव्या वर्षी तिला भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ होते.

म्हणजे देवाधर्माचं शिक्षण म्हणून जे काही मुलाला देता येतं, ते या मुलीला सगळं मिळालेलं होतं. माझ्या पुतण्याचा हरिपाठ त्यापुढे काहीच नाही.

मग १८७० च्या दशकातला दक्षिणेतला दुष्काळ आला. अनंतशास्त्री म्हातारे झाले होते, डोळे जवळपास गेले होते. घरात कुणालाच दुसरं काम येत नव्हतं. रमाबाईंनी हे फार स्पष्ट लिहिलं आहे: आम्हाला ना मजुरी येत होती, ना मागायला तोंड उघडत होतं. जातीचा आणि विद्येचा अभिमान मध्ये येत होता. मग त्यांनी जे येत होतं ते केलं. तीन वर्षं बाकी सगळं सोडून अनुष्ठानं केली. मूर्तींपुढे बसले, झाडांना प्रदक्षिणा घातल्या, उपास केले, उरलेलं द्रव्य दानात दिलं. शास्त्रात लिहिलेला एकेक नियम पाळला. देव प्रसन्न झाला नाही.

रमाबाईंचं त्यावरचं निवेदन मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांचं म्हणणं असं की आम्ही सगळ्या अटी पूर्ण केल्या होत्या, आमच्याकडून काही राहिलं नव्हतं, तरी काही झालं नाही आणि मग हळूहळू आमचा विश्वास गेला. त्यांच्यात आणि माझ्या पुतण्यात एकच फरक होता. तो गुरुवारी झोपला होता, त्यामुळे दोष द्यायला त्याच्याकडे स्वतः होता. रमा झोपली नव्हती. तिच्याकडे दोष द्यायला फक्त देवच उरला.

आमच्याकडे दुष्काळ म्हटलं की तुकोबा आठवतात. १६३० चा दुष्काळ, धंदा बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली आणि मग ते डोंगरावर जाऊन बसले. कीर्तनात हे सांगताना पुढचं सगळं ठाऊक असतं, त्यामुळे भूक लवकर आटोपते आणि अभंग सुरू होतो. रमाबाई लवकर आटोपत नाहीत.

शेवटचं तांदूळ संपलं तेव्हा ते तिरुपतीच्या परिसरात होते. लाजेखातर, गावात मरण्यापेक्षा जंगलात मरावं म्हणून कुटुंब रानात शिरलं. अकरा दिवस आणि अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडाची पानं आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. शेवटी अनंतशास्त्रींनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. म्हातारा माणूस, आपल्यापायी पोरांचा जीव जातोय, तर आपण बाजूला व्हावं, असा तो विचार. त्यांनी एकेकाचा निरोप घेतला. सर्वांत धाकट्या रमेला जवळ घेऊन ते जे बोलले ते तिने जन्मभर जपलं. त्याचा आशय असा: तू माझं सगळ्यात लाडकं लेकरू आहेस, मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याची आहेस, त्याचीच राहा, त्याचीच सेवा कर.

मी इथे थांबलो होतो तेव्हा. त्या माणसाची तीन वर्षांची अनुष्ठानं वाया गेलेली आहेत. समोर पाण्यात उतरायचं आहे. आणि तो मुलीला असं सांगत नाही की एवढं एवढं कर म्हणजे देव तुला खायला देईल. तसं तो याआधी सांगत आला असेल, पुराणांत तेच आहे. या घटकेला मात्र त्याच्या बोलण्यातून अट गळून पडली आहे. तू त्याची आहेस, एवढंच. मला वाटतं त्या मुलीला पुढे जे बळ मिळालं त्याचा उगम शोधायचा तर अठरा हजार श्लोक बाजूला ठेवून या दोन-तीन वाक्यांपाशी यावं लागतं. रमाबाईंनाही तसंच वाटत असावं. पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी लिहिलं की वडिलांना खरा देव माहीत नव्हता, पण त्या अज्ञात देवाची त्यांनी मनापासून सेवा केली आणि मला त्याच्या हाती दिलं. ख्रिस्ती वाचकांसाठी लिहिताना हिंदू बापाबद्दल एवढं लिहिणं सोपं नसणार.

जलसमाधी झाली नाही. श्रीनिवास पुढे झाला आणि म्हणाला, मी मजुरी करतो, अभिमान गेला खड्ड्यात. (शब्द माझे, निर्णय त्याचा.) पण उशीर झाला होता. वडील काही दिवसांतच गेले. थोड्याच आठवड्यांत आई अंथरुणाला खिळली. आईला खायला काहीतरी मिळावं म्हणून रमा शेजारच्या एका बाईच्या दारात गेली आणि तिला मागताच येईना. शब्द फुटेना, डोळ्यांतून पाणी. त्या बाईने ओळखलं आणि बाजरीची भाकरी दिली. ती घेऊन रमा परत आली, पण आईच्याने घास गिळवला नाही. आईच्या तिरडीला खांदा द्यायला चौथा माणूस मिळाला नाही म्हणून रमाच चौथी झाली आणि उंची कमी पडत होती म्हणून तिने ती बाजू डोक्यावर घेतली. पुढे बहीणही कॉलऱ्याने गेली.

मग भाऊ-बहीण पायी उत्तरेकडे. एका थंडीत झेलमच्या काठी अंगावर पांघरायला काही नव्हतं, तर दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि मानेपर्यंत वाळू ओढून रात्र काढली. १८७८ मध्ये ती दोघं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी रमेची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, आणि पुढचा इतिहास पाठ्यपुस्तकात आहे तसा वेगाने पुढे सरकतो: भावाचा मृत्यू, १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावींशी जातीबाहेरचं लग्न, मुलगी मनोरमा, १८८२ मध्ये कॉलऱ्याने वैधव्य, पुण्यात आर्य महिला समाज, १८८३ मध्ये इंग्लंड, तिथे वाँटेजला मनोरमेसह बाप्तिस्मा, मग अमेरिका, १८८९ मध्ये मुंबईत चौपाटीवर शारदा सदन, १८९० अखेर ते पुण्यात.

या यादीतल्या एका गोष्टीपाशी मात्र थांबायला हवं, कारण मित्राशी माझा वाद तिच्यावरूनच होता. शारदा सदन विधवांसाठी आणि मुलींसाठी होतं, पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा आणि अट अशी की धर्म शिकवायचा नाही. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकरांसारखी माणसं होती. रमाबाई मनोरमेला घेऊन रोज आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसू लागल्या. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. पुण्यात बोभाटा झाला, केसरीने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे-भांडारकर मंडळातून बाहेर पडले आणि वीसहून अधिक मुलींना पालकांनी काढून नेलं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई हिचं लग्न धोंडो केशव कर्व्यांशी झालं होतं, म्हणजे विधवाविवाहाचा राग आधीच शहरात होता. त्यात ही ठिणगी.

रमाबाईंचं म्हणणं, मी कुणावर सक्ती केली नाही, पण माझ्या मुलीबरोबर प्रार्थना करताना मी दार का लावू? पुणेकरांचं म्हणणं, ज्या बाईच्या हातचं ती मुलगी जेवते, जिच्याशिवाय तिला जगात कुणी नाही, त्या बाईचं उघडं दार हीच सक्ती. मी दोन्ही बाजू वाचल्या आणि दोन्हीकडे माझी मान हलली. एकाच माणसाने दोन्हीकडे मान हलवली की वादात त्याचा उपयोग नसतो, असं मित्राने सुनावलं. खरं आहे. पण आईने पुतण्याला देवापुढे बसवलं तेव्हा त्याला कुणी विचारलं होतं? मुलाच्या बाबतीत देवघराचं दार कुठल्याच घरात नुसतं उघडं नसतं. जोतिराव फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली होती, पण त्या मोठ्या होत्या, विदुषी होत्या. प्रश्न मुलींचा होता.

हाच प्रश्न तीन वर्षांत शंभर पटींनी मोठा झाला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई लिहितात की बातम्या वाचून त्यांना आपलेच दिवस दिसू लागले. त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी रिलीफ कॅम्प आणि अन्नछत्रं पाहिली. हाडांचे सापळे झालेल्या मुली, त्यांच्यावर टपलेली माणसं, आणि कॅम्पातल्या राखणदारांचाही भरवसा नाही. हे त्यांनी त्या काळच्या मानाने फार उघड लिहिलं आहे. मुली गोळा करणं सोपं नव्हतं. ही बाई नेऊन पोसते, लठ्ठ करते आणि मग उलटं टांगून तेल काढते, अशा अफवा होत्या. उपाशी मुलींनाही जेवणाची भीती वाटावी अशी ती वेळ होती.

त्यांनी शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेग आला होता आणि शहरात एवढ्या मुली ठेवायला परवानगी मिळेना. केडगावला रमाबाईंनी थोडी आधी शेतजमीन घेऊन ठेवली होती, फळबाग लावून संस्थेला उत्पन्न व्हावं म्हणून. मुली तिथे नेल्या. आधी तात्पुरते आडोसे, मग विहिरी, मग इमारती. १८९८ मध्ये मुक्ती सदन उभं राहिलं. १८९९-१९०० मध्ये गुजरात-राजपुतान्यात दुष्काळ पडला तेव्हा आणखी हजाराहून जास्त मुली आणल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार मुली. मी एका टीममधल्या सात जणांचं नियोजन करतो आणि शुक्रवारपर्यंत थकतो. हे वाचताना माझं लक्ष आधी त्या व्यवस्थेकडेच गेलं. शारदा सदनात शिकलेल्या विधवांकडे नव्या मुलींचे गट सोपवले. थोरल्या मुलींकडे धाकट्या दिल्या. अंगावर खरूज, डोक्यात उवा, पोटात जंत, आणि चोरून खायची सवय, कारण दुष्काळात तेच शिकल्या होत्या. कितीतरी आल्या आल्याच दगावल्या. ज्या राहिल्या त्यांना लिहाय-वाचायला आणि हाताला काम: विणकाम, शेती, दूधदुभतं, तेलघाणा, छापखाना. अंध मुलींना ब्रेल. जंगलात ज्यांच्या घरात कुणालाच मजुरी येत नव्हती, त्या घरातली मुलगी हे चालवत होती. इथली एकही मुलगी हाताला काम नाही म्हणून उपाशी मरणार नाही, याची तजवीज प्रत्येक खात्यात दिसते.

आणि प्रार्थना. आता दार उघडं ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. अमेरिकेतल्या असोसिएशनची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली, त्याबरोबर धर्म न शिकवण्याची अटही संपली आणि मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. १८९७ च्या अखेरीस शंभराहून अधिक मुली बैलगाड्यांतून आणि पायी भीमेवर गेल्या आणि त्यांचा नदीत बाप्तिस्मा झाला. तीच भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते. आमच्या घरी मी हे सांगितलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "पाणी तेच की."

या मुलींना नाही म्हणता आलं असतं का? मला प्रामाणिकपणे वाटतं की बहुतेकींना सुचलंही नसतं. आईबाप मेलेले, गाव मागे राहिलेलं, जी बाई उवा काढते, जखमा धुते, तिचा देव तो आपला देव. यात फसवणूक नाही, पण निवडही फारशी नाही. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधकांनी धनकवडीला बालाश्रम चालवून मुलांना जेवू घातलं होतं. कुणाचा धर्म न बदलता हे करता येत होतं हे महाराष्ट्रात आधीच दिसलेलं होतं. मी पुण्यात धनकवडीत राहतो. त्या आश्रमाची आठवण देणारं काही माझ्या रोजच्या रस्त्यावर नाही, बिल्डिंगा आहेत.

पण मला खरं पाहायचं होतं ते वेगळं. जिचा बालपणीचा हिशेब असा मोडला होता, तिने या मुलींना कोणता देव शिकवला? पुन्हा तोच, अट पूर्ण केली तर देणारा?

उत्तर सरळ नाही. रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचलं होतं. तो कुणाकडे पैसे न मागता केवळ प्रार्थनेवर अनाथालय चालवी. असोसिएशनची मदत संपताना रमाबाईंनीही तोच मार्ग धरला. 'मुक्ती प्रेअर बेल' या त्यांच्या पत्रिकेत अशा हकीकती येतात: गरज पडली, प्रार्थना केली, पैसे आले. वाचताना मला अस्वस्थ व्हायला झालं. हा तर तोच हिशेब, फक्त खातं दुसऱ्या बँकेत. १९०५ च्या जूनअखेरीस तिथे जे 'पुनरुज्जीवन' झालं, शेकडो मुली रडत, मोठमोठ्याने प्रार्थना करत तासन्‌तास बसत, ते वाचूनही मला अजून काय वाटायला हवं ते ठरवता आलेलं नाही. एखाद्याला त्यात देव दिसेल. मला त्यात आठ-नऊ वर्षांपूर्वी आई गमावलेल्या आणि तेव्हा रडायला ताकद नसलेल्या मुली दिसल्या. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं का, हे मला सांगता येत नाही.

तरी एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. रमाबाईंनी प्रार्थनेची शिकवण दिली ती हाताला काम देत. पाण्यासाठी प्रार्थना केली आणि विहिरी खणून घेतल्या. अनंतशास्त्रींच्या घरात अनुष्ठान होतं म्हणून काम नव्हतं, मुक्तीत दोन्ही एकाच दिवसाच्या वेळापत्रकात होतं. आणि मुलींना त्या जे सांगत त्याचा गाभा मला जंगलातल्या त्या निरोपासारखा वाटतो: तुला कुणी टाकलेलं नाही, तू त्याची आहेस. रस्त्याकडेला टाकलेल्या, विकल्या गेलेल्या, पांढऱ्या पायाची म्हणून हिणवल्या गेलेल्या मुलींना हे सांगणं आणि ते पटावं म्हणून दुपारी ताटात भाकरी असणं. ज्या मुली विधवा होत्या त्यांना तर आपल्याच पापाने नवरा गेला असं लहानपणापासून ऐकवलेलं होतं. 'म्हणून का?' हा प्रश्न त्यांच्या अंगावर आधीच गोंदलेला होता. तो पुसण्यासाठी देव बदलावा लागला का, की देव तोच ठेवूनही पुसता आला असता, यावर मी आणि माझा मित्र अजून भांडतो.

शेवटची अठरा-एकोणीस वर्षं रमाबाई बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. त्यासाठी त्या भाषा उतारवयात शिकल्या. आधीची भाषांतरं होती, पण त्यांना ती पंडिती वाटत होती. साध्या, कमी शिकलेल्या बाईला आणि मुलाला वाचता यावी अशी मराठी त्यांना हवी होती. ज्या मुलीने बारा वर्षांची असताना कुणालाच न कळणारी पुराणं देवळांत म्हटली होती, तिला हे का वाटलं असेल ते सांगायला नको. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींच्या हातून. जुळारी म्हणून एकेक खिळा लावणाऱ्या त्या मुली दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली, चाळिशीची. आईने काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झालेलं होतं.

मनोरमा गेल्यावर त्यांनी काय प्रार्थना केली असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. घरचं शेवटचं माणूस होतं ते.

पुतण्या आता बारा वर्षांचा आहे. हरिपाठ अजून म्हणतो, आजी आहे तोवर म्हणेल, नंतरचं त्याचं तो बघेल. त्या उन्हाळ्यात त्याला आम्ही नीट उत्तर दिलंच नाही. आई नंतर एकदा त्याला म्हणाली होती, "तू झोपलास तेव्हा पांडुरंग जागा होता, त्याला कळतं लेकराला झोप येते." मी तेव्हा हसलो होतो. आता वाटतं की त्या घरात त्याला उपयोगी पडलेलं एकच वाक्य बहुधा तेच होतं, माझं फुफ्फुसाचं चित्र धरूनसुद्धा.

मागच्या दिवाळीत मी त्याला पुण्याहून घेऊन येत होतो. केडगावची पाटी आली तशी मी त्याला पेटाऱ्यातल्या मुलीची गोष्ट सांगायला घेतली. जंगल, अकरा दिवस, रानखजूर, बाजरीची भाकरी. आईला ती खाता आली नाही इथे मी थांबलो.

तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "मग ती भाकरी कुणी खाल्ली?"

मला माहीत नव्हतं. पुस्तकात ते लिहिलेलं नाही. "तिने खाल्ली असेल," मी म्हणालो, "भाऊ होता ना बरोबर, दोघांनी वाटून."

"खायलाच पाहिजे होती," तो म्हणाला आणि दौंड यायच्या आत डबा उघडून बसला.